वंगण : घालायचे आणि बदलायचे

यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी किलिक-निक्सन कंपनीने बांधली. लोकांनी तिचे नाव 'शकुंतला' ठेवले. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९२३ पासून धावले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. ही गाडी आता बंद आहे. पण त्या बदलात दडलेला एक प्रश्न आपल्या रोजच्या उपयोगाचा आहे. इंजिनाचे तेल किती दिवसांनी बदलावे?

वाफेच्या इंजिनाला हा प्रश्न कधी पडलाच नाही. बैलगाडीच्या आसाला आपण वंगण घालतो, ते बदलत नाही. वाफेच्या इंजिनाचेही तसेच. चालक किंवा त्याचा साहाय्यक निघण्यापूर्वी आणि वाटेतल्या थांब्यांवर लांब चोचीच्या बुधलीने सांध्यासांध्यांत तेल घाली. धारव्यांवरच्या (बेअरिंगवरच्या) तेलाच्या वाट्यांमध्ये लोकरीच्या वाती असत. दिव्याच्या वातीतून तेल चढते त्याच केशाकर्षणाने ते वातीतून चढून थेंबथेंब खाली झिरपे. सिलिंडरमध्ये सोडलेले तेल वापरलेल्या वाफेबरोबर धुराड्यातून निघून जाई. एकदा घातलेले तेल परत येतच नसे. त्याच्याबरोबर झिजेचा चुराही बाहेर पडे. खर्च मोठा, पण तेल सदैव ताजे!

तेल कोणते घालावे, हा प्रश्न मात्र होता. भारतातील रेल्वेंवर पूर्वी एरंडेल तेल वापरले जाई. ते दाट, पृष्ठभागाला चिकटून राहणारे, म्हणून गुणकारी. परंतु प्राणिज चरबी किंवा वनस्पतितेल तप्त वाफेत विघटित होऊन मेदाम्ले तयार होतात आणि ती धातूला खातात. म्हणून सिलिंडरसाठी पुढे खनिज तेले आली.

डिझेल व पेट्रोल इंजिनात तेच तेल पुन्हा पुन्हा फिरते. इंजिनाच्या तळच्या टाकीतून पंप ते वर चढवतो आणि काम करून ते खाली येते. काटकसर झाली, पण आता घाण जायची कुठे? दट्ट्याच्या कड्यांशेजारून निसटणारे वायू काजळी, पाण्याची वाफ आणि आम्ले तेलात आणतात. हवेतली धूळ आणि धातूचा चुरा त्यात मिसळतो. उष्णतेने तेलाचे ऑक्सिडीकरण होऊन ते दाट होते. थोडक्यात, वंगणाला कचरा वाहण्याचेही काम लागले, आणि भरलेली टोपली केव्हातरी रिकामी करावीच लागते.

टोपली किती दिवसांत भरते, हे काळाप्रमाणे बदलत गेले. फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीची पुस्तिका नव्या गाडीचे तेल पहिल्या ४०० मैलांनंतर आणि पुढे दर ७५० मैलांनी, म्हणजे सुमारे १,२०० किलोमीटरनी बदलायला सांगे. तिला तेलगाळणी नव्हती. १९२० च्या दशकात मोटारींना गाळणी आली. १९३० च्या दशकात डिझेल इंजिनांच्या कड्या चिकटू लागल्या, तेव्हा तेलात मलनाशक द्रव्ये मिसळू लागले. ती काजळीचे कण सुटे ठेवतात आणि आम्लांचे उदासीनीकरण करतात. आज अनेक मोटारींच्या पुस्तिकांत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशी मर्यादा असते.

'किंवा एक वर्ष' का? रोज घरापासून शाळेपर्यंत दोन किलोमीटर जाणाऱ्या गाडीचे तेल पुरते तापतच नाही. त्यातले पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. किलोमीटर थोडे, पण तेल खराब! शेतात एका जागी चालणाऱ्या यंत्राला किलोमीटरचा हिशेब लागूच होत नाही; म्हणून ट्रॅक्टरचे तेल तासांवर बदलतात. यवतमाळच्या काळ्या मातीची धूळ आणि उन्हाळ्याची काहिली लक्षात घेता पुस्तिकेतली 'कठीण परिस्थिती'ची कमी मुदत आपल्याकडे पुष्कळांना लागू पडते.

तेल काळे पडले म्हणजे बाद झाले, असे मात्र नाही. काजळी उचलून धरणारे तेल काळे दिसणारच. विद्यार्थ्यांबरोबर हे तपासता येते. हातमोजे घालून गॅरेजमधल्या वापरलेल्या डिझेल-तेलाचा एक थेंब टीपकागदावर टाकावा आणि काही तास थांबावे. काळसर डाग सारखा पसरला, तर काजळी अजून सुटी आहे. मध्ये दाट काळा ठिपका आणि भोवती स्वच्छ कडे उमटले, तर मलनाशकाची शक्ती संपली आहे. ही ढोबळ पारख आहे. पाणी किंवा आम्ल किती, हे तिच्यातून कळत नाही. उरलेले तेल मातीत वा नाल्यात ओतू नये, गॅरेजला परत द्यावे.

मुदतीचा आकडा पुस्तिकेत छापलेला असतो. तो का पडला, हे ज्याला समजले, त्यालाच तो आपल्या गाडीसाठी केव्हा कमी करायचा हे ठरवता येते.