जुन्या सॅक्सोफोनचा सूर

बारामती म्हटलें कीं मोरोपंत आठवतात, आणि मोरोपंत म्हटले कीं कीर्तन. कीर्तनांत षड्ज ठरे तो बुवांच्या गळ्यावरून; वीणा त्या गळ्याशीं जुळवून घेई. मोरोपंत १७९४ मध्यें वारले. त्यानंतर वीस वर्षांनीं, बेल्जममधील दिनां या गांवीं, अशा एका माणसाचा जन्म झाला कीं ज्याच्या वाद्याला गळ्याशीं जुळवून घेणें फारसें साधत नाहीं. त्याचें नांव अडॉल्फ सॅक्स. १८४६ मध्यें त्यानें पॅरिस येथें आपल्या वाद्याचें पेटंट मिळविलें. सॅक्सोफोन अंगानें पितळेचा असला तरी वेताच्या पातळ पत्तीवर बोलतो. म्हणून जाणकार त्याला सनईच्या बाजूचा मानतात, तुतारीच्या नव्हे.

हें वाद्य आपल्याकडे पलटणींच्या बँडांतून रुळलें आणि मुंबईच्या हॉटेलांतूनही. १९३५ मध्यें ताजमहाल हॉटेलांत लिऑन ॲबी यांचा अमेरिकन निग्रो वाद्यवृंद वाजला. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपि शिकलेल्या वादकांनीं ती विद्या उचलली व पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नेली. वरातीचा बँड तर आज बारामती-इंदापुराकडेही कोणाला नवा नाहीं.

आतां समजा, इंदापूरच्या एखाद्या मुलाला सॅक्सोफोन शिकावयाचा आहे. नवा परवडत नाहीं; एक जुना विकाऊ आहे, झळाळी सुरेख, नक्षी त्याहून सुरेख. वडील पैसे मोजावयास तयार आहेत. मी त्यांना म्हणेन, अगोदर पेटी मागवा.

कारण असें. एकोणिसाव्या शतकांत विलायतेंत स्वर चढत गेला होता. तेथील लष्करी बँडांचा मध्यसप्तकांतील ‘ए’, म्हणजे आपली पांढरी सहा, सेकंदाला सुमारें ४५२ कंपनांवर असे, व ही चाल १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकली. लंडनच्या परिषदेनें ४४० हा आंकडा ठरविला तो १९३९ मध्यें. दोहोंतील फरक पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराच्या जवळजवळ निम्मा! त्या काळच्या कित्येक अमेरिकन सॅक्सोफोनांवर अनुक्रमांकाजवळ ‘एल. पी.’ किंवा ‘एच. पी.’ अशीं अक्षरें आढळतात. पहिलीं उतरत्या सुराचीं, दुसरीं चढ्या सुराचीं. चढ्या सुराच्या वाद्याची नळीच आंखूड असते. मुखनळी बाहेर ओढून तो सूर उतरवूं म्हणाल, तर आंखूड नळीचे स्वर अधिक उतरतात, लांब नळीचे कमी, आणि सारें सप्तक वांकडें होतें. असें वाद्य कितीही स्वस्त मिळो, माझ्या मतें तें शोभेच्या कपाटांतच बरें. नवशिक्याच्या हातीं तें पडलें, तर पोर आपल्याच कानांना दोष देत बसतें आणि वर्षभरांत संगीत सोडतें.

म्हणून पेटीची काळी दोन दाबावी आणि विकणाऱ्यालाच आल्टो सॅक्सोफोनचा ‘सी’ फुंकावयास सांगावें. हे दोन स्वर एकच असले पाहिजेत. टेनर असेल तर काळी पांच. पेटीचाच भरंवसा नसेल, तर भ्रमणध्वनींतही आतां स्वर मोजण्याची सोय असते.

दुसरी फसगत झांकणांची. प्रत्येक झांकणाखालीं चामड्यानें मढविलेली लोकरी गादी असते. ती ओलीनें फुगते, पुढें वाळून कडक होते व भोंकावर नीट बसत नाहीं. मग खालचे स्वर निघत नाहींत, आणि मुलाला वाटतें, आपल्या छातींत दम नाहीं. अंधाऱ्या खोलींत नळीच्या आंत लहानसा दिवा सोडावा, झांकणें एकेक करून अलगद दाबावीं. जेथून उजेड डोकावेल तेथून वाराही निसटतो. गाद्या बदलतां येतात. त्यांचा खर्च किंमतींतून वजा करून मागावा, आणि तो देण्यास विकणारा राजी नसेल, तर वाद्य त्याच्याकडेच राहूं द्यावें.