गलबताच्या अंगावरचे शब्द

पठाण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अफगाणिस्तान उभा राहतो. कोकणात गलबत बांधणारा सुतार मात्र हा शब्द वेगळ्याच अर्थाने वापरतो. गलबताच्या तळाशी नाळेपासून पिछाडीपर्यंत जो एकच जाड वासा जातो, त्याला तो पठाण म्हणतो. आधी पठाण बसवायचा, मग त्यावर फासळ्यांसारखी वाकलेली लाकडे उभी करायची आणि त्यांना बाहेरून फळ्या ठोकायच्या. आपल्या पाठीला जसा कणा, तसा गलबताला पठाण.

मालवण-रत्नागिरीकडच्या लहान होडीला बाजूने एक लाकूड जोडलेले असते. त्याला उलांडी म्हणतात. होडी कलंडू लागली की उलांडी तिला सावरते. मोठ्या गलबताला असा आधार नसतो. त्याला एकच अंग आणि एकच पठाण. म्हणून माल नसेल तेव्हा त्याच्या तळाशी दगड-वाळूचे वजन भरतात. हे नीरम. वर शिडावर वाऱ्याचा जोर वाढला की तळाचे वजन गलबताला पुन्हा सरळ करते. नीरम न भरता वारा अंगावर घेणारे गलबत फार दूर जात नाही.

मधोमध उभी असते ती डोलकाठी. तिच्यावर तिरके चढवलेले लांब लाकूड म्हणजे परबाण आणि परबाणाला बांधलेले ते शीड. वाऱ्याच्या अगदी समोर तोंड करून कोणतेही शिडाचे जहाज जाऊ शकत नाही. त्याला वारा एकदा उजव्या, एकदा डाव्या अंगावर घेत नागमोडी जावे लागते. दिशा राखण्याचे काम पिछाडीच्या सुकाणूचे.

या शब्दांची कुळे शोधू लागलो की मला मोठी गंमत वाटते. डोलकाठी आणि वल्हे मराठीच्या घरचे. सुकाणू आला अरबी ‘सुक्कान’वरून. नाखवा हा फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी. सारंग हा फारसी ‘सरहंग’, म्हणजे सरदार. खलाशी अरबीतला, तांडेल दक्षिणेकडच्या भाषांतला. दर्या आणि बंदर फारसी. आणि ज्या ‘मौसिम’वर अरब आपली गलबते इकडे हाकारत, तो शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत जाऊन मान्सून झाला. त्याच अरबी शब्दाला आपण मोसम म्हणतो.

हे शब्द कोणा बादशहाच्या हुकमाने आलेले नाहीत. दरबारातली फारसी सत्तेबरोबर आली. शिवाजी महाराजांनी दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यामागे स्वतःच्या राज्याचा अभिमान होता. डेकवरची अरबी-फारसी मात्र कामाबरोबर आली. वादळात शीड उतरवायचे असेल तर हाक सगळ्यांना एकदम कळली पाहिजे. हाक मारणारा भंडारी आहे, कोळी आहे की दालदी मुसलमान, हे विचारायला तिथे वेळ नसतो.

महाराजांचे आरमार याच किनाऱ्यावर उभे राहिले. सभासदाने त्यातल्या गुराबा, गलबते, तरांडी, शिबाडे यांची नावे नोंदवली आहेत. गुराब हा अरबी शब्द, त्याचा मूळ अर्थ कावळा. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या आसपास. गलबत त्याहून लहान, सहसा सत्तर टनांच्या आत, पण चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारे. दोघांचाही तळ उथळ. त्यामुळे खाडीच्या तोंडाशी, जिथे युरोपियनांची खोल बुडाची जहाजे फिरकू शकत नसत, तिथे ही सहज शिरत.

१६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावरच्या खांदेरी बेटावर महाराजांनी तटबंदी सुरू केली आणि इंग्रज बिथरले. ऑक्टोबरात समुद्रावर लढाई झाली. इंग्रजांकडे रिव्हेंज आणि हंटर ही मोठ्या तोफांची जहाजे होती. पण वारा पडला की मोठे जहाज जागेवर खिळते, आणि वल्ह्यांचे गलबत तेव्हाही चालत राहते. इंग्रजांना खांदेरी घेता आली नाही. त्या मोहिमेत मराठी आरमाराची दोन नावे पुढे दिसतात. एक मायनाक भंडारी, दुसरे दौलतखान. आणि इंग्रजांच्या मदतीला आला तो जंजिऱ्याचा सिद्दी. म्हणजे मुसलमान इकडेही होते आणि तिकडेही. कोण कोणत्या बाजूला, हे त्याचा धर्म नव्हे तर त्याची चाकरी ठरवत होती.

आज कोणी शाळेच्या पुस्तकातून दौलतखानाला वगळतो, कोणी भाषणात फक्त सिद्दीच सांगतो. दुसरीकडे आमच्यातले काहीजण एकट्या दौलतखानाचे नाव घेऊन सिद्दीबद्दल गप्प बसतात. मला दोन्ही गोष्टी सारख्याच अपुऱ्या वाटतात. नीरम एकाच बाजूला भरले तर गलबत कलते, मग ती बाजू कोणतीही असो.

कोकणी मुसलमानाला अधूनमधून विचारले जाते, तुम्ही मूळचे कुठले? या प्रश्नाचे उत्तर मी वंशावळीत शोधत नाही. विचारणारा स्वतःच रोज वर्तमानपत्रात वाचतो की अमुक नेत्याने पक्षाचे सुकाणू हाती घेतले, तमुक सुकाणू समितीची बैठक झाली. तो शब्द त्याला परका वाटत नाही, आणि वाटूही नये. तो अरबी नाखुदाच्या जहाजावरून इथल्या बंदरात उतरला, कोळ्या-भंडाऱ्यांच्या हातात फिरला आणि मराठी झाला. ज्यांनी तो इथे आणला आणि ज्यांनी तो आपला मानला, त्यांची नातवंडे आजही त्याच किनाऱ्यावर शेजारी राहतात.