हुकूम नसलेली हकीम : अमिरातीतील प्रगत परिचर्येची कुळकथा

अरबी भाषेत परिचारिकेला 'मुमर्रिदा' आणि परिचर्येला 'तमरीद' म्हणतात, आणि हे दोन्ही शब्द ज्या धातूपासून आले त्याच धातूपासून फारसी-उर्दूच्या वाटेने मराठी कानांना ओळखीचे झालेले 'मर्ज' आणि 'मरीज' हे शब्द बनले आहेत. म्हणजे मुमर्रिदा ही शब्दशः आजाऱ्याची निगा राखणारी. संस्कृतातली 'परिचारिका' ही रुग्णाभोवती वावरून सेवा करणारी, तर इंग्रजी 'नर्स' या शब्दाचे मूळ भरवणे, दूध पाजणे अशा अर्थाच्या लॅटिन धातूत सापडते. जपणे, वावरणे आणि भरवणे एवढे सगळे या तीन शब्दांत आहे, पण निर्णय घेणे एकातही नाही. तो अर्थ अरबीने 'हकीम' या शब्दाला दिला, आणि हकीम, हाकीम व हुकूम हे तिन्ही शब्द एकाच धातूचे असल्यामुळे वैद्यकाचे ज्ञान आणि सत्ता यांचे नाते त्या भाषेत पहिल्यापासूनच जुळलेले आहे. संयुक्त अरब अमिरातीत प्राथमिक आरोग्य सेवेतील परिचारिकांसाठी जे प्रगत प्रशिक्षण आकाराला आले, त्याची कुळकथा ही 'मर्ज'च्या धातूकडून 'हुकूम'च्या धातूकडे झालेल्या वाटचालीची कथा आहे, आणि ती वाटचाल अजून पुरी झालेली नाही.

प्राथमिक आरोग्य सेवा म्हणजे माणूस आजारी पडल्यावर, आणि पडण्याच्या आधीही, ज्या दाराशी सर्वप्रथम जातो तिथली सेवा : लसीकरण, बाळंतपणापूर्वीची तपासणी, ताप-खोकल्याचे निदान, मधुमेह आणि रक्तदाब यांचा वर्षानुवर्षे चालणारा पाठपुरावा. प्रगत प्रशिक्षण म्हणजे परिचर्येची पदवी आणि नोंदणी हाती आल्यानंतर, काही वर्षांच्या अनुभवावर रचलेले असे शिक्षण, की ज्यातून परिचारिका स्वतः रुग्णाची संपूर्ण शारीरिक तपासणी करू शकते, रोगाचे कारण ओळखू शकते, औषधांचा परिणाम व विपरिणाम तोलू शकते, आणि कोणता रुग्ण आपल्या हाताखाली बरा होईल व कोणता तातडीने डॉक्टरांकडे पाठवायला हवा याचा निवाडा करू शकते. यातला शेवटचा भाग सर्वांत अवघड असतो, कारण तिथे पुस्तकी ज्ञानापेक्षा जबाबदारी पेलण्याची तयारी लागते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आजच्या अमिरातीच्या किनाऱ्यावर आजाऱ्याचे पहिले दार म्हणजे शेजारघरचे दार होते. बाळंतपण 'दाया' किंवा 'काबिला' करीत असे. काबिला म्हणजे बाळाला हातात स्वीकारणारी, आणि दाया हा शब्द मराठीतल्या 'दाई'च्या इतका जवळचा आहे की अरबी समुद्राच्या दोन्ही तीरांवरच्या स्त्रिया एकमेकींना तो समजावून सांगण्याची गरज पडू नये. पोटदुखीपासून संधिवातापर्यंत अनेक विकारांवर तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याचा उपाय तिथेही होता, जसा मेळघाटात तान्ह्या मुलांच्या पोटावर 'डम्मा' देण्याच्या रूपाने तो दीर्घकाळ टिकून राहिला. दुबईत 1951 मध्ये अल मक्तूम रुग्णालय सुरू झाले आणि त्याच सुमारास डॉ. सारा हॉस्मन या अमेरिकन मिशनरी डॉक्टरांनी शारजात स्त्रिया व बालके यांच्यासाठी काम सुरू केले. 

प्रगत परिचर्येचे खरे बीज मात्र किनाऱ्यावर रुजले नाही. ते अबुधाबीपासून सुमारे 160 किलोमीटर आत, अल ऐनच्या खजुरीच्या बागांत रुजले. त्या वेळी तिथला कारभार पाहणारे शेख झायद बिन सुलतान यांच्या निमंत्रणावरून पॅट आणि मेरियन केनेडी हे अमेरिकन डॉक्टर दांपत्य 1960 मध्ये तिथे आले, शेखांनी दिलेल्या एका साध्या अतिथिगृहात त्यांनी रुग्णालय मांडले, आणि 'केनेडी' या नावाचा स्थानिक उच्चार 'कनद' असा झाल्यामुळे लोक त्या रुग्णालयाला त्याच नावाने ओळखू लागले. कागदोपत्री ते दीर्घकाळ 'ओएसिस' रुग्णालय होते. 2019 मध्ये लोकांच्या तोंडचे नाव अधिकृत झाले. अमिरातीचे विद्यमान राष्ट्राध्यक्ष शेख मोहम्मद बिन झायद यांचा जन्म 1961 मध्ये याच रुग्णालयात झाला.

या रुग्णालयात 1962 मध्ये गर्ट्रूड डाइक नावाची कॅनडाची परिचारिका रुजू झाली आणि तिने तिथे 38 वर्षे काम केले. जिथे डॉक्टर दोन आणि प्रदेश वाळवंटाएवढा, तिथे परिचारिकेने केवळ सांगितलेले करायचे ही विभागणी टिकणे शक्यच नव्हते. बाळंतपणाला कोणत्या क्षणी हात घालायचा, कोणते मूल रुग्णालयात ठेवून घ्यायचे, घरी परतलेल्या बाईची विचारपूस कधी करायची, हे निर्णय जवळ असणाऱ्याला घ्यावेच लागत. लोकांनी तिला 'दक्तूरा लतीफा' हे नाव दिले. लतीफा म्हणजे मृदू, कनवाळू. पण या नावातला अधिक महत्त्वाचा शब्द पहिला आहे. ती डॉक्टर नव्हती, तसा दावाही तिने केला नव्हता, तरीही जिच्या हाताला गुण येतो आणि जी निर्णय घेते तिला लोकांनी वैद्यकाची पदवी बहाल केली. मराठीत ज्याला 'हातगुण' म्हणतात त्याचीच ही पावती होती. नियम लिहिणाऱ्यांना जे ओळखायला आणखी काही दशके लागली, ते अल ऐनच्या बायकांनी आधीच ओळखले होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

नेमक्या याच दशकात उत्तर अमेरिकेत या कामाला अभ्यासक्रमाचे रूप मिळत होते. कोलोरॅडो विद्यापीठात 1965 मध्ये लॉरेटा फोर्ड ही सार्वजनिक आरोग्य परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मुलांची तपासणी व उपचार स्वतंत्रपणे करू शकणाऱ्या परिचारिकांचा पहिला वर्ग सुरू केला, आणि तिथून 'नर्स प्रॅक्टिशनर' हे पद जन्माला आले. कॅनडाच्या डलहौसी विद्यापीठाने 1967 मध्ये अतिउत्तरेकडच्या, डॉक्टर नसलेल्या वस्त्यांवर जाणाऱ्या परिचारिकांसाठी खास अभ्यासक्रम आखला. बर्फ असो की वाळू, डॉक्टर दूर असणे हीच या विद्येची जन्मभूमी आहे. पुढे कॅनडातल्याच बर्लिंग्टन गावी कुटुंबे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटून डॉक्टर आणि प्रगत परिचारिका यांच्या कामाची तुलना करण्यात आली, तिचे निष्कर्ष 1974 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दोन्ही गटांतील रुग्णांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही. परिचारिकेकडे आलेल्या सुमारे दोनतृतीयांश भेटी तिने डॉक्टरांना न बोलावता निभावल्या होत्या.

भारतात हा विचार निराळ्या अंगाने वाढला. भोर समितीने 1946 मध्ये 40,000 लोकसंख्येच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी 2 डॉक्टरांमागे 4 सार्वजनिक आरोग्य परिचारिका सुचवल्या होत्या, म्हणजे कागदावर तरी परिचारिका ही या सेवेचा कणा होती. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून उभ्या केलेल्या कामात गावातल्या निरक्षर स्त्रिया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या, परिचारिकेचे काम त्यांना शिकवण्यापर्यंत विस्तारले, आणि 1978 च्या सप्टेंबरमध्ये अल्मा आटा येथे प्राथमिक आरोग्य सेवेचा जो जाहीरनामा मंजूर झाला त्याच्यामागे उभ्या असलेल्या मोजक्या उदाहरणांत जामखेडची गणना होते. अमिरातीतल्या आरोग्य केंद्रांचे जाळे याच जाहीरनाम्याच्या भाषेत बोलते, त्यामुळे त्याच्या वंशावळीत तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या एका दुष्काळी तालुक्याचाही वाटा आहे, याची नोंद मराठी वाचकाने जरूर ठेवावी.

डिसेंबर 1971 मध्ये अमिरातीचे संघराज्य झाले आणि पुढल्याच वर्षी अबुधाबीत परिचर्येची शाळा निघाली. तरीही स्थानिक मुली या पेशाकडे फार थोड्या वळल्या. रात्रपाळी, परपुरुष रुग्णांची शुश्रूषा आणि कमी मानलेला दर्जा ही कारणे तिथे होती आणि ती महाराष्ट्रातल्या कुटुंबांनाही अनोळखी नव्हती. परिणामी रुग्णालये आणि आरोग्य केंद्रे भारत, फिलिपीन्स आणि इतर देशांतून आलेल्या परिचारिकांवर चालू लागली, आणि प्रत्येकीचे शिक्षण निराळ्या देशातले, निराळ्या मुदतीचे असल्यामुळे 'परिचारिका' म्हणजे नेमके काय येणारी व्यक्ती, हाच प्रश्न उभा राहिला. शारजा विद्यापीठ 1997 मध्ये, तर अबुधाबीतील फातिमा आरोग्यविज्ञान महाविद्यालय आणि रास अल खैमाचे वैद्यकीय व आरोग्यविज्ञान विद्यापीठ 2006 मध्ये स्थापन झाले. रास अल खैमात पदविकाधारक परिचारिकांना पदवीपर्यंत नेणारा सेतू अभ्यासक्रम आणि त्यापुढचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही चालतो. 2009 मध्ये परिचर्या व प्रसूतिसाहाय्य यांची संघीय परिषद नेमली गेली, आणि परिचारिकांच्या पात्रतेच्या पायऱ्या ठरवण्याचे काम तिच्याकडे आले. सेतू अभ्यासक्रम हे या कथेतले दुर्लक्षित पण मोलाचे प्रकरण आहे, कारण भारतात तीन-साडेतीन वर्षांची पदविका घेऊन गेलेल्या हजारो परिचारिकांसाठी प्रगत प्रशिक्षणाच्या दाराची पहिली पायरी तोच ठरतो. पदवीशिवाय पुढचे दार उघडत नाही.

हे सारे घडत असताना रोग बदलला होता. जंतुसंसर्ग आणि बाळंतपणातले मृत्यू मागे पडून मधुमेह पुढे आला. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2007 च्या आकडेवारीत मधुमेहींच्या प्रमाणात नाऊरू या चिमुकल्या बेटानंतर जगात दुसरा क्रमांक अमिरातीचा होता. अबुधाबीने 2008 मध्ये 'विकाया', म्हणजे प्रतिबंध, या नावाने तिथल्या प्रौढ नागरिकांची हृदयविकाराच्या दृष्टीने सरसकट तपासणी हाती घेतली. अशा तपासणीत ज्याची साखर वाढलेली निघते त्याला शस्त्रक्रिया किंवा खाट नको असते; त्याला वर्षानुवर्षे ओळखणारे, त्याच्या स्वयंपाकघरात आणि सणवारांत शिरकाव असलेले माणूस हवे असते, आणि आरोग्य केंद्रात असे माणूस बहुतेक वेळा परिचारिकाच असते.

या प्रशिक्षणात हात काय शिकतो, हे मधुमेह्याच्या पायाच्या तपासणीत नीट दिसते. मुठीला जोडलेला नायलॉनचा एक ताठ तंतू परिचारिका रुग्णाच्या तळपायावर काटकोनात टेकवते आणि तो किंचित वाकेपर्यंत दाबते. तो वाकतो तेव्हा बरोबर 10 ग्रॅमचा भार पडलेला असतो. रुग्णाचे डोळे मिटलेले असतात आणि स्पर्श जाणवला की त्याने सांगायचे असते. भेगाळलेल्या, घट्टे पडलेल्या जागेवर तंतू टेकवायचा नाही, ठरावीक लयीत टेकवायचा नाही, नाहीतर रुग्ण अंदाजाने हो म्हणतो. एखाद्या ठिकाणी तो गप्प राहिला तर त्या पायात चप्पल कधी निसटली वा खडा कधी रुतला हे त्याला कळणार नाही, आणि पुढे पाय गमावण्याचा धोका तिथूनच सुरू होतो. या तंतूचा पूर्वज म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत माक्स फॉन फ्राय यांनी वापरलेला घोड्याचा केस; नायलॉन नंतर आला, आणि कुष्ठरोग्यांच्या हातापायांची संवेदना मोजण्यासाठीही तो भारतात वापरला गेला.

रमझानचा महिना ही या विद्येची दुसरी कसोटी. उपवासाच्या सहा ते आठ आठवडे आधी मधुमेह्याची धोक्यानुसार वर्गवारी करायची, पहाटेच्या सहरीला आणि सूर्यास्ताच्या इफ्तारला इन्सुलिनची मात्रा कशी बदलायची ते ठरवायचे, बोटाला सुई टोचून रक्त तपासल्याने रोजा मोडत नाही हे पटवून द्यायचे, आणि साखर 70 च्या खाली उतरली किंवा 300 च्या वर चढली तर रोजा सोडायचाच, हे त्या माणसाच्या श्रद्धेला धक्का न लावता सांगायचे. औषधशास्त्र, शरीरशास्त्र आणि माणुसकी या तिन्हींचा इथे एकाच संभाषणात कस लागतो. हे सांगणारी बाई अनेकदा हिंदी, मल्याळम किंवा तोडक्यामोडक्या अरबीतून बोलते, आणि तरीही तिचे ऐकले जाते.

प्रशिक्षणाच्या अशा आशयाबद्दल आज जगात फारसा वाद उरलेला नाही. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने 2002 मध्ये प्रगत परिचारिकेची जी व्याख्या केली तीत सखोल ज्ञान, गुंतागुंतीच्या प्रसंगी निर्णय घेण्याचे कौशल्य आणि त्या देशाने ठरवलेली कार्यकक्षा या तिन्ही गोष्टी आहेत. पहिल्या दोन गोष्टी विद्यापीठ देऊ शकते. तिसरी फक्त कायदा देऊ शकतो. ज्या परिचारिकेने औषधशास्त्राची परीक्षा दिली, पण तपासणीअंती औषधाची चिठ्ठी लिहिण्यासाठी जिला शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांच्या सहीची वाट पाहावी लागते, ती हकीम झालेली असते, पण तिच्या हाती हुकूम नसतो. भारतातही परिचर्या परिषदेने प्राथमिक आरोग्य सेवेतील नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर पातळीवरचा अभ्यासक्रम आखला आहे आणि आरोग्यवर्धिनी केंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून परिचारिका काम करीत आहेत. नंदुरबारच्या उपकेंद्रात आणि अबुधाबीच्या केंद्रात प्रश्न एकच आहे. म्हणून आखातात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक मराठी परिचारिकेने पगाराचा आकडा वाचण्याआधी परवान्यावरचे पदनाम आणि त्या पदाची लेखी कार्यकक्षा वाचावी, आणि प्रगत शिक्षण घेतले असेल तर ते त्या कागदावर उमटवून घेण्याचा आग्रह धरावा.