‘सिटी ऑफ गॉड’ आणि आपले ‘चक्र’

जयपूरच्या दक्षिणेस, टोंक रस्त्यालगत दुर्गापुरा आहे. बदलीच्या निमित्ताने येथे येऊन पडलेली आम्ही चार मराठी कुटुंबे रविवारी एकत्र जमतो. गेल्या खेपेस ‘सिटी ऑफ गॉड’ हा ब्राझीलचा चित्रपट पाहिला. दोघे-तिघे अर्ध्यावरच उठून गेले. त्यांना दोष देववत नाही. कोवळ्या पोराच्या हाती पिस्तूल पाहणे सोपे नव्हे.

हा चित्रपट 2002 सालचा. त्याला आधार पाउलू लिन्स यांच्या 1997 मधील कादंबरीचा, आणि लिन्स स्वतः त्याच वस्तीत वाढलेले. आमच्या मनात मात्र घोळत राहिली ती त्या वस्तीची जन्मकथा. रिओ दी जानेरोतील झोपड्या उठवून तेथील माणसे शहराच्या पश्चिमेस, दूरवर न्यावयाची, म्हणून 1960 नंतरच्या दशकात सरकारनेच ही घरे बांधली. 1966 च्या महापुरात बेघर झालेल्यांनाही तेथेच धाडण्यात आले. कागदोपत्री ही गृहनिर्माणाची योजनाच होती! रोजगार शहरात राहिला, बिऱ्हाड दूर गेले, आणि पोरांच्या वाट्यास आधी भुरट्या चोऱ्या व पुढे अमली पदार्थांचा धंदा आला.

हे परमुलखातले म्हणून आपण निश्चिंत राहावे, असे नाही. मुंबईत ट्रॉम्बेनजीकची जनता कॉलनी ही शहरातून हलविलेल्या लोकांचीच वसाहत होती. शेजारच्या अणुसंशोधन केंद्रासाठी ती जागा हवी झाली, आणि मे 1976 मध्ये, आणीबाणीच्या दिवसांत, सुमारे 70,000 माणसे तेथून उठवून चीता कॅम्पात नेण्यात आली. एकदा हलविलेली माणसे पुन्हा हलविली गेली. परंतु येथे एक फरक नोंदविलाच पाहिजे. या वस्तीने जॉकिन अर्पुतम यांच्यासारखा झुंजार कार्यकर्ता दिला. 2000 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. उठविलेल्या वस्तीतून केवळ गुंडच निपजतात असे मानणारांनी हे नाव ध्यानी ठेवावे. ब्राझीलच्या त्या चित्रपटात अशा माणसांना फारशी जागा नाही, ही आमची तक्रार आहे.

आपल्या साहित्याने हा विषय फार आधी हाताळला. जयवंत दळवींचे ‘चक्र’ 1963 चे, म्हणजे लिन्स यांच्या कादंबरीहून 34 वर्षे जुने. लुक्कासारख्या बदमाशाची ऐट पाहून भारावलेला, झोपडीत वाढणारा बेनवा आम्हांस त्या ब्राझिली पोरांचा थोरला भाऊ वाटतो. रवींद्र धर्मराज यांनी त्यावर काढलेल्या हिंदी चित्रपटास 1981 मध्ये लोकार्नोच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यात स्मिता पाटील यांची अम्मा ज्यांनी पाहिली, त्यांना अधिक सांगणे न लगे.

चित्रपट संपल्यावर आमच्यातील एक वडीलधारे गृहस्थ बराच वेळ गप्प होते. नोकरीच्या आरंभी त्यांनी अशाच एका वस्तीची यादी तयार केली होती. कुटुंबप्रमुखाचे नाव, झोपडीचे क्षेत्रफळ आणि वास्तव्याचे वर्ष इतकेच रकाने तीत होते, असे ते म्हणाले. मुले कोणत्या शाळेत जातात, हे कोणी विचारले नव्हते, त्यांनीही नाही.