‘ऐच्छिक’ परीक्षेची गोष्ट

करोनामुळे २०२१ साली दहावीची परीक्षा रद्द झाली. शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला आणि राज्यात ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. मग अकरावीचे प्रवेश कशावर द्यायचे? शासनाने २८ मे रोजी १०० गुणांची प्रवेश परीक्षा जाहीर केली होती. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, प्रत्येकी २५ गुण. ती देणे ऐच्छिक होते.

गोम पुढेच होती. परीक्षा देणाऱ्यांचे प्रवेश आधी, उरलेल्या जागा न देणाऱ्यांना! डहाणू-तलासरीच्या आश्रमशाळेतली मुलगी डोळ्यांपुढे आणा. वर्ग भरले नाहीत, वसतिगृह बंद, पाड्यावर फोनला रेंज मिळेल तर मिळेल. परीक्षा द्यावी तर तयारी नाही. न द्यावी तर रांगेत शेवटी. अमेरिकेतल्या बोडन महाविद्यालयाने १९६९ साली अर्जासोबत चाचणीचे गुण पाठवणे ऐच्छिक केले, तेव्हा न पाठवणाऱ्यांसाठी वेगळी, मागची रांग नव्हती.

शासनाची अडचणही खरी होती: प्रत्येक शाळेचा हात सारखा सैल नसतो. पण परीक्षा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर होती, म्हणून इतर मंडळांच्या बाजूने याचिका झाली. मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला, परीक्षेला अकरा दिवस उरले असताना, ती रद्द केली. प्रवेश दहावीच्या गुणांवरच झाले.