डीकॅल्बची तार, केनवडचा धुरा

रिसोड तालुक्यातल्या केनवडच्या शिवारात सोयाबीन गुडघ्याएवढं झालं की चिंता असते रोह्यांची आणि डुकरांची. ज्याला जमतं तो धुऱ्यावर खांब रोवून काटेरी तारेचे चार-पाच पदर ओढून घेतो. बाकीचे जागल करतात, नाहीतर रोही शेजाऱ्याच्या वावरात जावोत म्हणून देवाला हात जोडतात. ही तार ज्याच्या हातून आजच्या रूपाला आली, तो सोयाबीनचा नव्हे तर मक्याचा शेतकरी होता आणि त्याची तक्रार रानातल्या जनावरांबद्दल नव्हती. गावची गुरं पिकात घुसत होती, एवढंच त्याचं दुखणं.

जोसेफ ग्लिडन. जन्म 1813, न्यू हॅम्पशायर. नवी जमीन शोधत पश्चिमेकडे सरकणाऱ्या हजारोंपैकी एक. इलिनॉय राज्यात डीकॅल्बजवळ त्याने 600 एकर जमीन घेतली. 1843 मध्ये पत्नी क्लॅरिसा बाळंतपणात गेली, दोन लहान मुलगेही हाती लागले नाहीत. नव्या मुलखात वसायला गेलेल्या कुटुंबांच्या कहाण्या बहुधा अशाच असतात. पुढे त्यांचे पुतळे होतात तेव्हा हा भाग गळतो. 1851 मध्ये त्याने ल्युसिंडाशी दुसरं लग्न केलं. काही काळ तो जिल्ह्याचा शेरीफही होता. साठीला पोचेपर्यंत तो एक खाऊनपिऊन सुखी शेतकरी होता, याहून वेगळं त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नव्हतं.

त्या गवताळ प्रदेशाची अडचण वेगळी होती. जमीन काळी, सुपीक, पण झाड नाही आणि दगड नाही. मग कुंपण कशाचं करायचं? लाकूड दुरून आणायचं तर जमिनीपेक्षा कुंपण महाग पडे. 1871 मध्ये अमेरिकी कृषी खात्याने देशभरातल्या कुंपणांचा हिशेब काढला, तो पावणेदोन अब्ज डॉलरच्या घरात गेला. राष्ट्रीय कर्जाच्या जवळपास पोचणारा हा आकडा! काहींनी ओसेज ऑरेंज नावाच्या काटेरी झाडाची वई लावली. ती उत्तम, पण वाढायला तीन-चार वर्षं आणि हलवायची म्हटली तर अशक्य. साधी तार ओढली तर उन्हाळ्यात ती सैल पडे, कडाक्याच्या थंडीत आखडून तुटे, आणि बैल तिला पाठ घासून खांब आडवे करत.

1873 मध्ये डीकॅल्बच्या कृषी प्रदर्शनात हेन्री रोझ नावाच्या शेतकऱ्याने एक लाकडी पट्टी मांडली होती. पट्टीतून खिळ्यांची टोकं बाहेर आलेली; ती तारेच्या कुंपणावर टांगायची. ती पाहायला तिघे जण उभे होते: ग्लिडन, हार्डवेअरचा दुकानदार आयझॅक एलवूड आणि लाकडाचा व्यापारी जेकब हाइश. तिघांच्याही डोक्यात एकच किडा शिरला. काटे पट्टीला कशाला, तारेलाच का नकोत?

तारेला काटे लावण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. ओहायोच्या ल्युशियन स्मिथने 1867 मध्येच तसं पेटंट घेतलं होतं. काटा जागेवर राहायचा नाही, ही सगळ्यांची अडचण. जनावराने ढुशी दिली की तो सरकत जाई किंवा गोल फिरे. ग्लिडनने घरातल्या कॉफी दळायच्या यंत्रात फेरफार करून तारेच्या तुकड्यांना पीळ दिला, ते काटे एका तारेत ओवले आणि मग दुसरी तार घेऊन दोन्ही एकत्र वळल्या. वळण्यासाठी धार लावायच्या दगडाचं चाक वापरलं. दुसऱ्या तारेने काटा जखडला. शिवाय पीळ असल्यामुळे थंडी-उन्हाचा ताणही तार सोसू लागली. सगळं शोधाचं मर्म त्या दुसऱ्या तारेत आहे. आजही केनवडच्या खांबावरची तार निरखून पाहिली तर हाच पीळ दिसतो.

24 नोव्हेंबर 1874 ला पेटंट मिळालं, क्रमांक 1,57,124. एलवूडला त्याने त्यातला अर्धा हिस्सा 265 डॉलरला विकला, आणि 1876 मध्ये उरलेला अर्धा वूस्टरच्या वॉशबर्न अँड मोएन कंपनीला 60,000 डॉलर अधिक विक्रीवरच्या रॉयल्टीला. हाइश मात्र शांत बसला नाही. त्याने स्वतःच्या तारेची पेटंटं घेतली, कोर्टकचेऱ्या केल्या. वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयात 1892 मध्ये मिटला, ग्लिडनच्या बाजूने. तोवर पेटंटची मुदत संपलेली होती. वकिलांचं भलं झालं, हे सांगायला नकोच.

तारेने काय केलं? टेक्सासात मोकळ्या कुरणांवर हजारो गुरं हाकणाऱ्यांची वाट अडली. 1883 मध्ये रात्री टोळ्यांनी तारा कापायला सुरुवात केली, गोळ्या चालल्या, आणि पुढच्या वर्षी तार कापणं तिथे गंभीर गुन्हा ठरला. 1885-86 च्या हिवाळ्यात वादळापुढे दक्षिणेकडे सरकणारी गुरं तारेशी अडून तिथेच गोठली. ग्लिडनने स्वतःही टेक्सासात भागीदारीत मोठं कुरण घेतलं आणि त्याला तार घातली. डीकॅल्बच्या शिक्षक महाविद्यालयासाठी त्याने जमीन दिली. तिथे आज नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठ आहे. 9 ऑक्टोबर 1906 ला, 93 व्या वर्षी, तो गेला. त्याच्या तारेचा पुढचा मुक्काम महायुद्धाचे खंदक होते. ते पाहायला तो नव्हता.

आता इकडे. ज्या 1871 साली अमेरिका कुंपणाचा हिशेब करत होती, त्याच साली ब्रिटिश हिंदुस्थानात गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. कोंडवाडा त्याच कायद्यातला. पीक खाल्लं तर गुरं कोंडवाड्यात, मालकाने दंड आणि चाऱ्याचे पैसे भरून सोडवायची, नाहीतर लिलाव. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत रीत उलटी होती: गुरं मोकळी, पीक वाचवायचं असेल तर शेतकऱ्याने कुंपण घालावं. म्हणून तिकडे स्वस्त कुंपणाची निकड, इकडे गुराखी आणि कोंडवाडा. गुराखी पोरगा तारेपेक्षा स्वस्त होता, ही त्यातली कडू गोष्ट. काही गरज भासलीच तर धुऱ्यावर बोर-बाभळीच्या काट्या रचायच्या. नाही म्हणायला इंग्रजांनीही मिठाच्या चोरट्या व्यापारावर बऱ्हाणपुरापर्यंत मैलोन् मैल काटेरी वई वाढवली होती. 1879 मध्ये ती मोडीत निघाली.

वऱ्हाडात तार धुऱ्यावर आली तेव्हा गुराखी शाळेत गेला होता, गावातली गुरं कमी झाली होती आणि पिकात शिरणारे होते रोही आणि रानडुक्कर. त्यांना मालक नाही, त्यांना कोंडवाड्यात घालता येत नाही. शिवाय ही तार बनली गाय-बैलांसाठी. रोही तिच्यावरून उडी मारतो, डुक्कर खालून उकरून जातो. म्हणून आता झटका मशीनच्या तारा. बॅटरीवरचं मशीन क्षणभराचा धक्का देतं, जनावर मागे फिरतं. पण काही जण थेट विजेच्या खांबावरून प्रवाह सोडतात, आणि विदर्भात दरवर्षी त्यात माणसंही मरतात, कधी शेजारी, कधी स्वतः शेतमालक.

याहून मोठी अडचण भूमितीची आहे. अमेरिकेत 1862 च्या कायद्याने वसाहतकऱ्याला 160 एकर मिळत. चौरस धरले तर सव्वातीन किलोमीटर परीघ, म्हणजे एकरी वीस मीटर. केनवडच्या एका चौरस एकराला मात्र अडीचशे मीटरपेक्षा जास्त. वाटण्या होऊन लांबट पट्टे पडले असतील तर आणखी. पाच पदरी तार म्हटलं की एका एकराला सव्वा किलोमीटरहून जास्त तार, वर खांब. ग्लिडनची तार स्वस्त होती ती त्याच्या एकरांमुळे.

यावर उपाय एकच दिसतो: दहा-वीस शेतकऱ्यांनी मिळून साऱ्या पट्ट्याला एक कुंपण घालावं. पन्नास एकरांचा चौरस असेल तर एकरी खर्च एक एकराच्या मानाने सातव्या हिश्शावर येतो. पण मग कडेच्या शेतकऱ्याची जमीन खांबात जाते, मधल्याची वाचते. गाडीवाटेवरचं फाटक रात्री कोणी लावायचं, आणि तुटलेली तार पावसाळ्यात कोणी ओढायची, हे आधी ठरवून घ्यावं लागतं.