‘स्टॅटिक’ : एका उसन्या शब्दाची हकीकत

१/७
जावा शिकणारा विद्यार्थी पहिल्याच दिवशी ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ ही ओळ लिहितो. त्यातील ‘स्टॅटिक’ हा शब्द मात्र बराच काळ मंत्रासारखा नुसता पाठ राहतो. शब्द म्हणतो ‘स्थिर’, आणि आतले मूल्य तर बदलत असते! हा विसंवाद कोठून आला, ते पाहू.

२/७
शब्द मूळचा सी भाषेतला. १९७० च्या दशकाच्या आरंभी डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ती घडवली. सीमध्ये फंक्शनमधले साधे व्हेरिएबल काम संपताच नाहीसे होते. ‘स्टॅटिक’ लावलेले व्हेरिएबल प्रोग्राम संपेपर्यंत टिकते. स्थिर असते ती मेमरीतील जागा, मूल्य नव्हे. फंक्शनबाहेर मात्र हाच शब्द ते नाव त्या फाइलपुरते मर्यादित करतो. एक शब्द, दोन अर्थ.

३/७
‘क्लास’ आला ऑस्लोहून. डाल आणि न्यूगार्ड यांच्या सिम्युला ६७ मध्ये प्रत्येक ऑब्जेक्टची माहिती स्वतंत्र होती. पण एकूण ऑब्जेक्ट किती, ही नोंद कोणत्या एका ऑब्जेक्टची? झेरॉक्स पार्कमधील स्मॉलटॉक-८० चे उत्तर असे : क्लास हाही ऑब्जेक्टच, आणि सर्वांची सामाईक माहिती ठेवण्यास ‘क्लास व्हेरिएबल’.

४/७
ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये सीला क्लासची जोड देण्यास आरंभ केला. १९८३ मध्ये तिचे नाव सी++ झाले. तेथे क्लासला ऑब्जेक्ट केले नाही. क्लासमागे एकच प्रत असलेल्या सदस्याला सीचाच ‘स्टॅटिक’ हा शब्द दिला. जुन्या शब्दाला तिसरा अर्थ चिकटला.

५/७
क्लासचे, पण ऑब्जेक्टची गरज नसलेले फंक्शन कसे बोलवावे? काही प्रोग्रामर शून्य पत्त्यावर खोटाच ऑब्जेक्ट आहे असे भासवीत. १९८९ च्या सी++ २.० ने स्टॅटिक फंक्शन देऊन ही पळवाट अनावश्यक केली.

६/७
सामाईक मालमत्तेचे तंटेही आले. निरनिराळ्या फाइलींतील स्टॅटिक ऑब्जेक्टपैकी आधी कोणता सिद्ध होईल, याची हमी सी++ देत नाही; एक दुसऱ्यावर विसंबला, तर ‘मेन’ सुरू होण्याआधीच घात होऊ शकतो. जेरी श्वार्ट्झ यांनी आयओस्ट्रीमसाठी मोजणीची युक्ती योजली : प्रत्येक फाइलीत एक छोटा मोजणारा ऑब्जेक्ट, जो पहिला जागा होईल, त्याने सामाईक वस्तू सिद्ध करावी.

७/७
जेम्स गोसलिंग यांच्या जावाने (१९९५) क्लासबाहेर फंक्शनच ठेवले नाही. एकही ऑब्जेक्ट नसताना ‘मेन’ बोलवायचे, म्हणून ते स्टॅटिक. पण दोन थ्रेडनी एकच स्टॅटिक गणती एकाच वेळी वाढवली, तर एक वाढ निमूटपणे हरवू शकते. चूक दाखवणारा संदेशही येत नाही. स्काला आणि कोटलिन यांनी हा शब्दच वगळून सामाईक गोष्टी पुन्हा ऑब्जेक्टच्या हवाली केल्या. जावा २१ नेही (२०२३) ‘स्टॅटिक’विना ‘मेन’ प्रायोगिक स्वरूपात मान्य केले. शब्द मागे पडेल. जे सर्वांचे आहे त्याची राखण कोणी करायची, हा प्रश्न मात्र प्रत्येक भाषेला नव्याने सोडवावा लागतो.